भ्यायला शिकवणारे सर

सरांच्या पायांत रबरी सपाता असत आणि त्यांचा आवाज येत नसे, ही खरी अडचण होती. सगळे मान खाली घालून टाइप करत असायचे, डोक्यावर पंखे फिरत असायचे, आणि सर वर्गात नेमके कुठे आहेत हे कुणालाच कळायचं नाही. मग खट्ट असा आवाज व्हायचा. सगळ्या स्क्रीन एकदम काळ्या, मशीनची घरघर बंद, पंखे हळूहळू थांबायला लागलेले. त्या शांततेत मागून कुठून तरी सरांचा आवाज यायचा.

"कोनाचं गेलं?"

मेन स्विच त्यांनीच पाडलेला असायचा.

ज्याचं काम जतन झालेलं नसेल त्याने उभं राहायचं आणि काय गेलं ते मोठ्याने सांगायचं. "रजेचा अर्ज गेला सर." "बसा. पुन्हा लिहा." एवढंच. ते ओरडायचे नाहीत, हसायचे नाहीत, टोमणा मारायचे नाहीत. ओरडले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसाची सवय होते. त्या स्विचची कधी झाली नाही. कधी आठवडाभर काहीच व्हायचं नाही आणि तेव्हा आम्ही जास्त भ्यायचो.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. गावात नवी कार्यालयं, नव्या पाट्या, आणि ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायची घाई. सरांचा क्लास एका बी-बियाण्याच्या दुकानावर होता. जिन्यात खताचा वास, वर आलं की फिनाइलचा. मी आधी विद्यार्थिनी म्हणून गेले आणि मग तिथेच शिकवायला राहिले, कारण सरांच्या तऱ्हा सहन करणारं दुसरं कुणी टिकत नव्हतं. आता माझं स्वतःचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथे सगळं आपोआप जतन होतं, आणि तरी माझी डाव्या हाताची दोन बोटं दर ओळीला जतन करायला दाबली जातात. त्या दिवसांत जेवतानाही दाबली जायची. आई विचारायची, "ताटापाशी कोनाला खुणा करून राहिलीस?"

सर वीज, धूळ, पाली, उंदीर आणि कापड या सगळ्यांना भ्यायचे. कापड म्हणजे नायलॉन. नायलॉनच्या साडीतून ठिणगी उडते आणि मशीनच्या आतलं काहीतरी मरतं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. म्हणून आत आलं की आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचा, अंगातली वीज तिथे सोडायची आणि मग खुर्चीवर बसायचं. सर हे सगळं शास्त्रासारखं समजावून सांगायचे. पण बायांनी त्याचं काय केलं? गजाला हात लावून तो कपाळाला लावायला सुरुवात केली. एकीने तर परीक्षेच्या आदल्या दिवशी गजाला हळद-कुंकू लावलं. सरांनी ते पुसलं आणि ओल्या फडक्याने पुसलं म्हणून गज गंजेल का, या काळजीत सगळी दुपार घालवली.

पश्चिमेला ढग दिसला की क्लास बंद. सगळ्या पिना काढायच्या, फोनची वायर काढायची, वायरींची तोंडं भिंतीपासून हातभर लांब ठेवायची. शेवटी सर स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही काढायचे.

मी म्हटलं, "सर, सेलच्या घड्याळात वीज कुठून शिरणार?"

"तिला शिरायचं असलं तर ती तुमाला विचारनार हाय का, बाई?"

परत लावताना वेळ कुणी मिळवायचं नाही, त्यामुळे आमच्या क्लासातलं घड्याळ कधीही बरोबर नसे. पावसाळ्यात तर फारच.

व्हायरसचं वेगळंच. बाहेरची फ्लॉपी आत आणायची नाही. कॉलेजचे एक प्राध्यापक आपला लेख टाइप केलेली फ्लॉपी घेऊन आले, तर सरांनी ती रुमालात धरली, उजेडात उलटसुलट केली आणि विचारलं, "ही कुठंकुठं जाऊन आली?" प्राध्यापक म्हणाले, नातेवाइकांकडे वाशीमला. सरांनी फ्लॉपी परत दिली. वाशीमच्या वाटेवरच्या कनेरगाव नाक्याच्या पलीकडलं काहीही ते मशीनमध्ये घालत नसत, असं पोरं म्हणायची. ते खरं नव्हतं; ते कनेरगाव नाक्याच्या अलीकडलंही घालत नसत.

एकदा दिवस गेलेली एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, व्हायरस आलाय म्हनतेत, मंग मी क्लासला यावं का न्हाई?" मी हसले. सरांना सांगितलं, तेही हसतील म्हणून. ते हसले नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "तसा तकलीफ देनार न्हाई तो. पन भेव घेऊन बसली तर लेकराला बरं न्हाई. रजा द्या तिला."

महिना संपला की सर सगळ्या मशीनवरचं सगळं पुसून टाकायचे आणि नव्याने भरायचे. त्याला ते अंघोळ म्हणायचे. आत कुठे काही लपून बसलं असेल तर निघून जाईल. आणि जे पुसायचं ते आधी फ्लॉप्यांवर उतरवायचं, दोन-दोन प्रती. एक क्लासच्या कपाटात आणि दुसरी सेनगावला त्यांच्या अक्काकडे.

"सेनगावला काहून, सर?"

"उद्या हिंगोलीच जळाली तर?"

असं ते अगदी साध्या आवाजात म्हणायचे, जसं आपण म्हणतो उद्या दूध नासलं तर. सेनगावच्या गाडीचे एक-दोन ड्रायव्हर ओळखीचे होते. कापडी पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात फ्लॉप्या, वर एक चपाती दुमडून ठेवलेली, म्हणजे कुणाला वाटावं की जेवणाचा डबा आहे. अक्कांनी त्या फ्लॉप्या नेमक्या कुठे ठेवल्यात हे सरांनाही माहीत नव्हतं. अक्का जपून ठेवणारी बाई आहे एवढं त्यांना माहीत होतं आणि पुरेसं वाटत होतं.

हे सगळं कशामुळे, हे मला कधी कळलं नाही. कुणी म्हणायचं, आधी कुठल्या तरी कारखान्यात ऑपरेटर होते, तिथे सगळा पगारपत्रकाचा गठ्ठा गेला. कुणी आणखी काही. मी विचारलं नाही. माणूस असा का आहे हे विचारून तो वेगळा होत नाही.

सुनंदा आमच्याकडे आली ती हिवाळ्यात. मूळची साखऱ्याची. नवरा सेनगावच्या एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर होता, तो वारला आणि त्याच्या जागी तिला अनुकंपा तत्त्वावर लिपिक म्हणून घेतलं. अट एकच: ठरलेल्या मुदतीत सरकारी संगणक परीक्षा पास व्हायची. नाही झाली तर नोकरी संपली. लेकरू साखऱ्याला आईपाशी, ही सेनगावात एका खोलीत, आणि सुट्टीच्या दिवशी पहिल्या गाडीने हिंगोलीला आमच्याकडे. दारातून "जय भीम सर, जय भीम मॅडम" म्हणायची, गजाला हात लावायची आणि बसायची. मान वर करायची नाही.

ती आली त्याच दिवशी सरांनी स्विच पाडला. ती उभी राहिली.

"काय गेलं?" सर म्हणाले.

"सगळंच गेलं, सर."

पोरं हसली. सर हसले नाहीत. "सगळं न्हाई जात," ते म्हणाले. "नेमकं काय गेलं ते सांगा." तिला आठवेना. ती तशीच उभी राहिली आणि मला दिसलं की तिने श्वास धरून ठेवलाय. पुढे कित्येक दिवस तिचं हेच. स्विच पडला की ती श्वास घेणं बंद करायची, आणि वीज आल्यावरही तिला सुरू करायला वेळ लागायचा. टाइपिंग बरं होतं, पण मागे कुणी चाललं तरी बोटं थांबायची. मी सरांना सांगितलं, हिच्यापुरतं सोडा, ही आधीच अर्धी झालीये. ते म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी वीज हिला सोडंल का?"

एका रविवारी तीच बोलली. स्विच पडला होता, स्क्रीन काळ्या होत्या.

"सर, तुमी काहून असं भेव घालता? आमाला काय भेव कमी हाय?"

क्लासात कुणी सरांना असं विचारलं नव्हतं. मला वाटलं, आता हिला काढून टाकतील.

"कमी हाय," सर म्हणाले. "म्हनून घालतो. तुमचं काम गेलं न्हाई का?"

"न्हाई. जतन केलतं."

"मंग बसा."

त्या दिवसानंतर तिचा श्वास अडकायचा थांबला असं मी म्हणणार नाही. पण ती बसून राहायला शिकली.

परीक्षा मे महिन्यात, आमच्याच क्लासात; त्याला परीक्षा केंद्राची मान्यता होती. सरांनी मंडपवाल्याकडून जनरेटर आणून खाली उभा केला होता आणि त्याचा धूर वर येतो म्हणून खिडक्यांना ओली पोती लावली होती. वीज एकदाही गेली नाही. शेवटच्या तुकडीत सुनंदा होती. बाहेर आली तेव्हा पदराने तळहात पुसत होती आणि हसत होती. तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. म्हणाली, "मॅडम, सगळं केलं. टेबल बी केलं. ओळी बराबर बसल्या." मग जिन्यातून खाली गेली आणि परत वर आली. "पास व्हईन ना?" मी म्हटलं, होशील, जा आता, गाडी चुकेल.

परीक्षेचं काम फ्लॉपीवर उतरवून दोन संच करायचे असत. एक सीलबंद करून विभागीय कार्यालयात पाठवायचा आणि दुसरा सीलबंद करून निकाल लागेपर्यंत केंद्रावरच ठेवायचा. केंद्रावरच. हा नियम मीच टाइप करून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. पहिला संच गेला. दुसरा कुठे गेला असेल ते वाचणाऱ्याने ओळखलं असेलच. मी सरांना म्हटलं होतं, हा तरी इथं राहू द्या. ते म्हणाले, "बाई, सगळं एका गावात ठेवून मला झोप लागत न्हाई." आणि चपाती दुमडली.

विभागीय कार्यालयाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. सर "व्हय साहेब, व्हय साहेब" म्हणत होते आणि प्रत्येक "व्हय" आधीच्यापेक्षा बारीक होत होता. फोन ठेवून ते खुर्चीत बसले. एक फ्लॉपी तिकडे वाचता येत नव्हती. शेवटच्या तुकडीची. फ्लॉपीचं तसंच असायचं; इकडच्या मशीनवर वाचायची, तिकडच्या मशीनवर नाही, कारण कुणालाच सांगता यायचं नाही. दुसरा संच ताबडतोब पाठवा, नाहीतर ती तुकडी गैरहजर धरू, असं साहेब म्हणाले होते.

"मशीनवर असेल की," मी म्हटलं.

"महिना संपला, बाई."

अंघोळ झाली होती, आणि परीक्षेच्या कामाच्या दोनपेक्षा जास्त प्रती काढायला मनाई असल्याने कपाटातही काही नव्हतं.

शेवटच्या तुकडीतले बाकीचे कॉलेजचे विद्यार्थी होते. चिडले असते, बापाला घेऊन आले असते, पुढच्या खेपेला परत बसले असते. पण सुनंदाला पुढची खेप नव्हती. पुढच्या परीक्षेच्या आधी तिची मुदत संपत होती. हे आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. सर म्हणाले, "तिला सांगू नका," आणि आम्ही सेनगावच्या जीपमध्ये बसलो.

बाहेर नांगरलेली काळी रानं तापून पडली होती, आत ऊन भाजत होतं. मी मनात म्हणत होते, अक्का जपणारी आहे. डब्यात असतील. डबा ट्रंकेत असेल.

सेनगावला उतरलो आणि समोर सुनंदा. जेवणाच्या सुट्टीत झेरॉक्स काढायला आली होती.

"जय भीम सर! मॅडम, तुमी इकडं काहून?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते खोटं बोलूच शकत नव्हते; बोलायला गेले की त्यांचे कान लाल व्हायचे. मी सांगून टाकलं, आहे तेवढं. तिने हातातले कागद घडी घालून पर्समध्ये ठेवले, परत काढले, परत ठेवले. मग म्हणाली, "चला, मी बी येते."

अक्का गच्चीवर होत्या. नऊवारीचा काचा मारून, डोक्यावर ओला पंचा. सगळी गच्ची वाळवणाने भरलेली: कुरडया, सांडगे, पापड, मधे एका जुन्या धोतरावर तूर. आम्हाला पाहून त्या खुश झाल्या.

"आलास व्हय रे भाऊ! बरं झालं, दोन कुरडया घेऊन जा."

"अक्का, त्या चपट्या डब्या कुठं हायेत? मागल्या महिन्यात धाडलेल्या?"

"त्या काय, तितं."

पापडांच्या पुढे, कठड्यापाशी, एका पांढऱ्या साडीवर फ्लॉप्या ओळीने मांडल्या होत्या. काळ्या, निळ्या, एक पिवळी. मधे मधे कडुनिंबाचा पाला. काहींच्या कडा पापडासारख्या वर वळल्या होत्या.

"सील काडून ठेवलं मी वरचं," अक्का म्हणाल्या. "कागदानं घाम येतो. दर चार-आठ दिसांनी ऊन दाखवते. पावसाळ्याच्या आदी कडक ऊन दिलं का बुरशी लागत न्हाई, किडा लागत न्हाई. तुझ्या डब्याला आजवर काही लागलंय का सांग."

सर तिथेच, तुरीच्या शेजारी, तापलेल्या फरशीवर बसले. मला वाटलं चक्कर आली. सुनंदाने वाकून एकेक फ्लॉपी उचलली आणि चिठ्ठ्या वाचू लागली. आपल्या तुकडीची सापडल्यावर ती तिने दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली, आणि चटका बसला तरी सोडली नाही.

"काय झालं रे?" अक्कांनी विचारलं. "काही चुकलं का माझं?"

"न्हाई अक्का," सर म्हणाले. "बराबर ठेवल्या तुमी."

सुनंदाला घेऊन हिंगोलीला परत आल्यावर मी चाकूने त्या फ्लॉपीचं वाकडं कवच उघडलं. आतली तपकिरी चकती काढली, नव्या फ्लॉपीचं कवच उघडून त्यात बसवली. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. चकती सपाट नव्हती. पाण्यावर तवंग हलतो तशी तिच्यावर लाट दिसत होती. मी मशीनमध्ये घातली. कर्र कर्र असा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. दात खाल्ल्यासारखा. स्क्रीनवर आलं, वाचता येत नाही. परत घातली. परत तेच. दुसऱ्या मशीनवर. तिसऱ्या. प्रत्येक वेळी तो आवाज जास्त खरखरीत होत गेला आणि आम्हाला तिघांनाही कळत होतं की आपण जे उरलंय तेही खरवडून काढतोय.

शेवटी मी मशीन बंद केलं आणि म्हटलं, "तारीख मागं घेऊ."

मशीनची तारीख हाताने बदलता यायची. परीक्षेच्या दिवसाची लावायची, तोच पेपर सुनंदापुढे ठेवायचा, तेवढ्याच वेळात सोडवून घ्यायचा, आणि फ्लॉपीवर उतरवून पाठवायचा. तिने तो पेपर एकदा खरंच सोडवला होता. दुसऱ्यांदा सोडवला तर कुणाचं काय बिघडत होतं? मला आजही त्यात फार मोठं पाप वाटत नाही. पाप वाटलं असतं तर मी सुचवलंच नसतं.

सर की-बोर्डपाशी बसले. त्यांनी तारखेचा चौकोन उघडला. बोट बटणावर ठेवलं. आणि तिथेच थांबले. कपाळावरून घाम गळून की-बोर्डवर पडला आणि ज्या माणसाने पाण्याचा ग्लास क्लासात येऊ दिला नव्हता, त्याने तो पुसलाही नाही.

"नका करू, सर," सुनंदा म्हणाली.

मी तिच्याकडे वळले. "अगं, नोकरी जाईल तुझी."

"मॅडम, मी पेपर दिलता. खरा दिलता. आता त्योच खोटा देऊ काय?" मग जरा थांबून, सरांकडे न पाहता म्हणाली, "हापिसात कोनी जोरात हाक मारली तरी मला वाटंल, कळलं ह्यांना. रिटायर व्हईस्तोर असं बसायचं? मला न्हाई जमायचं. मी बघितलंय ते कसं असतंय."

कुणाकडे बघितलंय ते तिने सांगितलं नाही. सरांनी चौकोन बंद केला.

खाली दुकानात हमाल पोती टाकत होते, जमीन हादरत होती.

"मंग मीच जातो," सर म्हणाले. "काय झालं ते लिहून देतो."

मी म्हटलं, केंद्र जाईल. दुसरा संच केंद्राबाहेर पाठवला, सील फोडलं, हे लिहून दिलं तर केंद्र तर जाईलच, वर पोलिसातही देऊ शकतात. मी हे घाबरवायला नव्हते सांगत, त्यांना माहीत असावं म्हणून सांगत होते. सर म्हणाले, "ठाव हाय. तुमी बी चला. मला एकट्याला त्या हापिसाच्या जिन्यावरून वर जाता यायचं न्हाई."

आम्ही तिघं पहाटेच्या गाडीने गेलो. सुनंदाने रजा टाकली होती. सरांनी वाटेत तीनदा गाडीतून उतरायचं मनात आणलं; मला कळत होतं, कारण प्रत्येक थांब्यावर ते पिशवी उचलून मांडीवर घ्यायचे आणि गाडी सुटली की परत खाली ठेवायचे. दुसऱ्या वेळेनंतर सुनंदा त्यांच्या शेजारून उठली आणि दाराच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसली.

विभागीय कार्यालयातले साहेब चष्म्याच्या वरून बघणारे होते. सरांचा कागद त्यांनी दोनदा वाचला.

"हे तुम्ही काय लिहून देताय ते कळतंय का तुम्हाला?"

"व्हय, साहेब."

"केंद्र रद्द होईल. चौकशी लागेल. गुन्हा दाखल करायचा की नाही ते वरून ठरेल."

"व्हय, साहेब." सरांच्या मांडीवरची पिशवी थरथरत होती आणि आतला स्टीलचा डबा किणकिणत होता. मी हात ठेवून तो थांबवला.

साहेबांनी वाकडं झालेलं कवच उचललं, टेबलावर ठेवलं. ते होडीसारखं डुगडुगलं. "हे असं कशाने झालं?"

"ऊन दाखवलं, साहेब."

"कुणी?"

"मी."

सरांचे कान लाल झाले.

साहेब हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. त्यांनी बाहेरच्या बाईला आत बोलवा म्हणून सांगितलं. सुनंदाला विचारलं, मुदत कधी संपते? तिने सांगितलं. त्यांनी फोन उचलला, कुणाशी तरी बोलले, ठेवला. "चूक केंद्राची आहे, उमेदवाराची नाही, असं यात स्पष्ट लिहिलंय," ते सरांच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले. "म्हणून मला हे करता येतं. आज दुपारी खाली आमची एक तुकडी आहे. बसा त्यात. नवा पेपर असेल. पास झालात तर झालात. बाकी माझ्या हातात काही नाही."

दुपारी ती आत गेली. आम्ही बाहेर व्हरांड्यात बाकावर. दार लावलेलं होतं, आतून बोटांचा आवाज येत होता, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा नाही, तर खूप लोक एकदम तांदूळ निवडतायत तसा. त्यातला तिचा कुठला ते कळणं शक्य नव्हतं. सर तरी डोळे मिटून ऐकत होते. त्यांचं सगळं अंग असं हलत होतं की बाक करकरायला लागला आणि शिपाई म्हणाला, "ओ काका, बाकडं हलवू नका, आत परीक्षा चालू हाय." मी म्हटलं, ते हलवत नाहीयेत. त्याने एकदा पाहिलं. जाऊन माठातलं पाणी घेऊन आला.

तेवढ्यात एक कारकून येऊन सरांच्या हातात एक पाकीट देऊन सही घेऊन गेला. केंद्राची मान्यता पुढील आदेशापर्यंत स्थगित. तो पुढचा आदेश कधी आला नाही. पोलिसात प्रकरण गेलं नाही, पण ते जाणार नाही हे आम्हाला वर्षभर माहीत नव्हतं, आणि त्या वर्षात सरांनी काय भोगलं ते त्यांच्या घरच्यांना विचारा. परीक्षा गेल्यावर क्लासला कोण येणार? मशीन विकली गेली. सुनंदाचा निकाल डाकेने तिच्या कार्यालयात गेला, पुढच्या महिन्यात. पास. आता ती मोठ्या टेबलावर बसते आणि तिच्याकडे माझ्या दुकानाची कामं अडकली तर मलाही रांगेत उभं करते.

पण त्या दुपारी यातलं काही माहीत नव्हतं. सरांनी पाकीट न वाचता घडी करून खिशात घातलं होतं. दार उघडलं आणि पोरं बाहेर पडली. सुनंदा सगळ्यात शेवटी. येऊन आमच्यासमोर उभी राहिली.

"कसा गेला?" सरांनी विचारलं.

"बरा गेला."

"बरा म्हंजे?"

"पास व्हईन, सर." परीक्षा झाल्या दिवशी तिने मला हेच विचारलं होतं. आता ती सांगत होती.

सरांनी मान हलवली. उठायला गेले आणि खाली बसले. परत हात टेकून बघितलं. शर्टाची पाठ पूर्ण भिजून बाकाला चिकटली होती.

"बाई," ते मला म्हणाले, अगदी हळू, "जरा थांबा. पायात काही उरलं न्हाई."

आमची गाडी चारला होती. मी एका बाजूला बसले, सुनंदा दुसऱ्या बाजूला. व्हरांडा रिकामा झाला, ऊन उतरलं, गाडी निघून गेली असणार. शिपाई कुलूप घेऊन आला आणि आमच्यापुढे उभा राहिला.

"बाई, किती वेळ बसनार?"

"बसू द्या," सुनंदा म्हणाली. "सरांना उठता आलं का जातो."